पुरते दहा

कोंडाजी गराडे यानं पैसे घेऊन एकंदर नऊ लढती केल्या आणि त्यांतल्या सहा हरला. ही माझी मोजणी. वलवणात जाऊन तुम्ही त्याला स्वतःला विचारलंत, तर तो सांगेल की आपण एकही लढत हरलेलो नाही, सहा वेळा मधे फक्त काहीतरी आलं.

मुंबईच्या लढतीत काय मधे आलं? समोरच्या गोऱ्यानं छातीवर बाईचं चित्र गोंदवून घेतलं होतं. चांगली लांब केसांची, हसरी बाई. "आता बाबू, तुमीच सांगा," कोंडाजी मला म्हणाला, "बाईमाणसाच्या तोंडावर गुद्दा कसा हाणायचा? आपल्यात रीत न्हाई ती." सोलापूरला रिंगणाबाहेरची घंटा हुबेहूब लोणावळा स्टेशनच्या घंटेसारखी वाजली, त्यामुळे गाडी सुटली असं वाटून त्याचं लक्ष उडालं. देवळालीला हा पहिला ठोसा मारणार, नेमका तेव्हाच पंच शिंकला. शिंक झाल्यावर कामाला हात घालू नये, हे काय कोंडाजीनं नव्यानं काढलंय? एकदा तर तो म्हणाला की समोरचा माणूसच फार चांगला लढत होता, त्यामुळे याला मन लावून लढता आलं नाही.

मी लोणावळ्याच्या पार्सल ऑफिसातला बाबू. करवंदांच्या पाट्या, कोंबड्यांची खुराडी, मडमांच्या टोप्यांची खोकी, जे येईल ते काट्यावर चढवायचं आणि काटा दाखवील ते वजन लिहायचं. "बाबू, गोणी भिजलीय म्हणून जड भरतेय," असं म्हणणारे रोज चार तरी भेटतात. भिजलेली असो की कोरडी, माझा काटा कुणाचं ऐकत नाही आणि मीही ऐकत नाही. मला कारणांचा मनापासून राग येतो. अशा माणसाला दोस्त मिळावा तो कोंडाजी! दुसरीतून त्याची शाळा का सुटली माहीत आहे? फळा तिरका टांगलेला होता म्हणून.

पण सगळ्या कारणांत त्याचं पहिलं हरणं मला जास्त आठवतं. त्या वेळी त्याच्या लग्नाचा प्रश्न अडकला होता, आणि मीही.

साल एकोणीसशे अठ्ठावीस. घाटात अजून विजेची इंजिनं यायची होती. कोळशाची इंजिनं मागून जोर लावून गाड्या वर चढवीत आणि लोणावळ्याच्या शेडमध्ये येऊन धापा टाकीत उभी राहत. त्यांच्यात कोळसा भरणाऱ्या खलाशांत कोंडाजी होता. चोवीस वर्षांचा, उंच नाही पण रुंद, आणि दंड असे की शेडमधला शिंपी त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांना जास्तीचं कापड मागायचा. शेडमागे एक गोरा फायरमन झाडाला वाळूची थैली टांगून तिला ठोसे मारीत असे. एक दिवस कोंडाजीनं सहज विचारलं, मी एक मारू का? त्यानं मारला, आणि थैलीची दोरी तुटली. फायरमन आधी चिडला, मग हसला, आणि पुढे दोन पावसाळे त्यानं कोंडाजीला हातमोजे घालून ठोसे मारायला शिकवलं. मारायला शिकवलं, चुकवायला शिकवलं. नियम काही शिकवले नाहीत, कारण झाडाखाली नियम लागत नाहीत. तिसऱ्या वर्षी त्याची बदली भुसावळला झाली.

हवा खायला आलेल्या एका पारशी सेठनं कोंडाजीला थैलीशी झटताना पाहिलं. सेठ पुण्याच्या लष्कर भागात तंबू ठोकून ठोशांच्या लढती लावायचा. तिकिटं विकायचा, लढणाऱ्यांना बिदागी द्यायचा. त्यानं नाव विचारलं. "कोंडाजी," हा म्हणाला. सेठनं वहीत लिहिलं, "के. दाजी." तसंच जाहिरातीवर छापलं. लष्करातल्या भिंतींवर आठ दिवस आमचा कोंडाजी सगळ्या जगाचा दाजी होऊन लटकत होता.

खरं तर त्याला एकाच घरात जावई व्हायचं होतं. ते घर अंबाजी आबांचं.

अंबाजी आबा म्हणजे वलवणची तालीम. ऐन उमेदीत आबांनी मावळातले सगळे उरूस गाजवले आणि त्यांची पाठ कधी मातीला लागली नाही, असं ते स्वतः सांगत. सांगताना समोरच्याकडे असे बघत की दुसरं काही म्हणायची छाती होऊ नये. त्यांना एकच मुलगी, मुक्ता. आईवेगळी. आबांनी पण केला होता की पाठ लागलेल्या गड्याला मुलगी द्यायची नाही. त्या पणापायी मुक्ता एकोणीस वर्षांची झाली होती, आणि त्या काळात एकोणीस म्हणजे बायका तोंडाला पदर लावून हळहळत.

मुक्ता रोज तालमीच्या दाराशी ताकाचा हंडा आणून ठेवायची. कोंडाजी मेहनत आटपून ताक प्यायचा आणि तिच्याशी ताकाबद्दल बोलायचा. आज आंबट आहे, आज पातळ आहे, आज मीठ बरोबर पडलंय. तीन वर्षं हा माणूस ताकाबद्दलच बोलत होता. तिला सगळं समजत होतं. ती बोलायची कमी, पण प्रश्न असा विचारायची की उत्तर देणाऱ्याची पंचाईत व्हावी.

शेवटी मीच आबांकडे शब्द टाकला. आबा म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पर आजून कुटं उतरलंय? नवलाख उंबरं गावचं बी स्थळ आलंय. चार बैल हायती, पोरगा कुस्त्या मारतोय. ह्यो तुमचा दोस्त लष्करात लढायला जातोय म्हनं. जाऊ दे. चार लोकांफुडं लढू दे. पाठ न लावता आला, तर जेठात हळद लावू."

झालं. चैत्र होता. लढत आठ दिवसांवर.

कोंडाजीनं मला बरोबर चल म्हटलं, कारण तिथे सगळं इंग्रजीत चालणार. आणि इंग्रजी म्हणजे वलवण ते कुसगाव या टापूत मी. कुणाला तार आली की माझ्याकडे, कोर्टाचा कागद आला की माझ्याकडे, साबणाच्या वेष्टणावर काय लिहिलंय तेही माझ्याकडे. मी चष्मा लावायचो, घसा साफ करायचो आणि सांगायचो. माझं इंग्रजी पार्सल ऑफिसातलं होतं, हे मला ठाऊक होतं. बाकी कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

तंबूत पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. सेठ घाईत होता. त्यानं एक छापील कागद पुढे केला. "नियम छे, बाबू. बॉयने समजावी दो," म्हणाला आणि पळाला. कोंडाजीनं कागद हातात धरला आणि मी बोट ठेवून वाचू लागलो. कमरेखाली मारायचं नाही, ठीक. पडलेल्याला मारायचं नाही, ठीक. पुढे होतं की पडलेल्या माणसाला दहा सेकंद मिळतील. त्यापुढे आणखी तीन-चार शब्द होते, ते मला नीट लागले नाहीत. पण दहा सेकंद मिळतील, एवढं लागलं आणि माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. ही तर आमचीच रीत!

पार्सल उतरलं की मालकाला ते उचलायला मुदत असते. त्या मुदतीत माल फलाटावर खुशाल पडून राहिला तरी दंड नाही. मुदत उलटली की डॅमरेज सुरू. शहाणा व्यापारी पुरती मुदत वापरतो. धावतपळत येऊन हमालाला जास्त पैसे देतो तो अडाणी.

"हे बघ," मी कोंडाजीला म्हणालो, "पडलास तर घाबरू नकोस. पंच दहा आकडे मोजतो. तेवढा वेळ तुला कुणी हात लावू शकत नाही. तो तुझा हक्काचा आराम. दोन-तीनला उठून बसू नकोस. पुरते दहा घे, दम खा, मग ऊठ आणि घे त्याला."

"पुरते धा," कोंडाजी म्हणाला. "बेस हाय की. कुस्तीत आसलं काय न्हाई."

समोर एक नाक मोडलेला गोरा सोल्जर होता. पहिल्या फेरीत कोंडाजीनं त्याला असा एक ठोसा लावला की तो दोरांना टेकला, आणि मागच्या चार आणेवाल्यांनी टोप्या उडवल्या. मला त्या क्षणी हळदीचा वाससुद्धा आला. दुसऱ्या फेरीत सोल्जरचा एक ठोसा कोंडाजीच्या जबड्यावर बसला आणि हा खाली गेला.

पण खाली कसा गेला ते बघा. तालमीत लहानपणापासून एकच घोकलेलं, पाठ लावायची नाही. त्यामुळे पडता पडता गडी हवेतच वळला आणि पालथा पडला. कोपरं अंगाशी, पाय फाकलेले, हनुवटी खाली. आता कुणी दहा जणांनी येऊन उलटवलं तरी उलटणार नाही, असा चिकटला. पंच मोजू लागला.

तीनला मला काळजी वाटली. चारला कोंडाजीनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि मिचकावला. मी जमिनीकडे तळहात हलवून खूण केली, पडून राहा. सहाला सेठ दोराशी येऊन गुजरातीत ओरडायला लागला. मला वाटलं, काय हा उतावळा माणूस! आठला सगळा तंबू बाकांवर चढला. दहा म्हटल्याबरोबर कोंडाजी टुणकन उठला, अंग झटकलं, मुठी वळल्या आणि पुढे सरसावला.

पंचानं तोवर सोल्जरचा हात वर धरला होता.

"बाबू," कोंडाजीनं तिथूनच मला विचारलं, "ह्यो ह्येचा हात का धरतोय?"

सेठ त्याला एका बाजूला घेऊन गेला आणि दोन्ही हात नाचवून बोलत राहिला. मी कोंडाजीच्या वहाणा शोधायला लागलो. वहाणा समोरच होत्या, तरी बराच वेळ शोधल्या. मग तो कागद पुन्हा काढला आणि ते तीन-चार शब्द एकेक करून जुळवले. दहा सेकंदांच्या आत उठलं पाहिजे, असं होतं. आत. मी कागद घडी करून खिशात घातला.

परतीच्या गाडीत मी वाट बघत होतो की हा आता बोलेल. बोलला. खडकी येईपर्यंत म्हणाला की हातमोज्यांना कापराचा वास होता, त्यामुळे देवळात आल्यासारखं वाटत होतं, राग येईचना. चिंचवडला म्हणाला की लष्करातलं पाणी जड. तळेगावला आठवलं की सकाळी निघताना शेजारच्या झुंबरबाईनं कुठं चाललास म्हणून विचारलं होतं, आणि निघताना कुठं असं विचारलं की काम होत नाही. वडगावला म्हणाला की गोऱ्याच्या अंगाला साबणाचा असा काही सुवास होता, त्यात आपलं भान गेलं. मळवलीला तर त्यानं दोष जाहिरातीलाच दिला. दाजी म्हणून छापल्यावर सगळे पाहुणे झाले, पाहुण्यांवर हात कसा उचलायचा?

प्रत्येक स्टेशनाला मी तोंड उघडत होतो आणि प्रत्येक स्टेशनाला गाडी सुटत होती. तो माझं नाव काढीना. मी मनात म्हटलं, याला समजलेलंच दिसत नाही. आणि सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. तारा, कोर्टाचे कागद, साबणाची वेष्टणं, सगळी अब्रू त्या एका ओळीवर टांगलेली होती. कोंडाजीचं लग्न मोडेल हे मला दिसत होतं, तरी मी गप्प राहिलो. लोणावळा आलं, आम्ही उतरलो.

पुढच्या रविवारी आबांनी आम्हा दोघांना तालमीत बोलावलं. सकाळची वेळ. कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला आबा, पलीकडे घोंगडीवर नवलाख उंबऱ्याच्या स्थळाचा मध्यस्थ बहिरू. हा बहिरू लष्करात साहेबांचे घोडे सांभाळायचा आणि लढतीच्या दिवशी चार आण्यांच्या जागेत हजर होता. त्यानं बरोबर नारळ आणला होता. दाराशी ताकाचा हंडा, हंड्यामागे मुक्ता. तिनं त्या दिवशी कुणालाच ताक विचारलं नाही.

"कोंडाजी," आबा म्हणाले, "एकच इचारतो. पाठ लागली का?"

"न्हाई आबा. पालथा पडलो व्हतो. पाठीला एक कण लागला आसंल तर मिशी उतरवा."

तालमीतले चार गडी माना डोलावू लागले. पाठ नाही तर हार नाही. आबांचाही चेहरा सैल झाला. एवढ्यावर मिटतंय असं वाटलं.

"पर आबा," बहिरूनं तोंड घातलं, "मी सोता व्हतो. ह्यो गडी खाली गेला आन् पंचानं धा मोजलं. सात-आठ मोजूस्तवर मी बघितलं, बोट हलवलं न्हाई ह्येनं. मंग फुडची मानसं बाकावर चढली, मला दिसंना, पर धा ऐकलं. एका ठोशात निपचित. पाठीचं काय घिऊन बसलायसा?"

आबांचा चेहरा पुन्हा आवळला. "पाठ न लागनं निराळं आन् निपचित पडनं निराळं," ते सावकाश म्हणाले. "एका ठोशात ज्येचं पानी जातंय, त्येच्या घरी पोरगी कशी धाडू? बोल."

कोंडाजी बोलू लागला. कापराचा वास सांगितला. आबा म्हणाले, आमी उरसात मेलेल्या म्हशीशेजारी लढलोय. जड पाणी सांगितलं. आबा म्हणाले, मंग घरनं न्यायचं व्हतं. झुंबरबाई सांगितली, तर तालमीतला एक गडी फिस्सकन हसला, कारण झुंबरबाई त्याची आजी. गाडीत सुचलेली सगळी कारणं एकामागून एक आपटत होती आणि मी खाली मान घालून मातीतला दगड पायानं उकरत होतो. खिशात कागद होता.

"आबा," हंड्यामागून आवाज आला. लग्नाच्या बैठकीत मुलीनं त्या मुलाशी थेट बोलायचं नाही, म्हणून मुक्तानं वडिलांनाच विचारलं. कोंडाजी तिच्यापासून तीन पावलांवर होता. "त्यांना इचारा, धा झाल्यावर त्यांना कुनी उचललं?"

"कुनी उचललं रं?" आबांनी विचारलं.

"कुनी न्हाई. मीच उठलो," कोंडाजी आबांना म्हणाला.

"इचारा, चक्कर आलती का? पाय लटपटत व्हते?"

आबांनी मान वळवली. "न्हाई," कोंडाजी म्हणाला. "टुनकन उठलो. लढाया फुडं बी गेलतो."

"मंग इचारा आबा, आकराला टुनकन उठनारा मानूस आठाला का उठला न्हाई?"

आबांनी विचारलंच नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं.

आणि काय सांगू, कोंडाजी गप्प बसला. ज्याला फळा तिरका दिसला, पुढे पंचाची शिंक ऐकू आली, ज्याला आयुष्यात कधी कारण कमी पडलं नाही, तो हौद्याच्या मातीकडे बघत उभा राहिला. एकदा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. तेव्हा मला समजलं. त्याला ठाऊक होतं. सेठनं तंबूतच त्याला समजावलं होतं. खडकीपासून मळवलीपर्यंत हा माणूस खरं कारण सोडून बाकीची सगळी धुंडाळत होता.

आबांनी बहिरूकडे वळून नारळासाठी हात पुढे केला.

"आबा, थांबा," मी म्हणालो. "मी सांगितलं होतं त्याला पडून राहायला. पुरते दहा घे म्हटलं. नियम दहाच्या आत उठायचा होता. मला इंग्रजी वाचता आलं नाही. पार्सलाची मुदत असते तसं वाटलं मला. चूक माझी आहे, त्याची नाही."

माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. मी कागद काढून आबांपुढे धरला, जणू त्यांना तो वाचता येणार होता.

"म्हंजी," आबा एकेक शब्द तोलत म्हणाले, "तुमी माज्या तालमीच्या गड्याचं पार्सल केलंत?"

"हो."

"ह्ये बी कारनच!" बहिरू उसळला. "दोस्तासाठी रचतोय. इतका शिकल्याला बाबू, त्येला वाचता येत न्हाई व्हय?"

"कारन न्हाई ते, आबा," मुक्ता म्हणाली. "कारन सांगनारा मानूस आसा घामाघूम व्हत न्हाई. तीन वर्सं बघतेय मी."

कोंडाजीनं हसू दाबलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या तोंडावर ते दिसलं.

आबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "तुला ठावं व्हतं?" त्यांनी कोंडाजीला विचारलं.

"सेठनं तितंच सांगितलं."

"मंग बोलला का न्हाईस? पोरगी हातची चालली व्हती तुजी, गाढवा!"

कोंडाजीनं मान खाजवली. या प्रश्नाचं त्यानं उत्तर दिलं नाही, अजूनही देत नाही. मी नंतर कितीदा विचारलं असेल. आबांनी बहिरूचा नारळ हळूच त्याच्या मांडीवर सरकवला आणि म्हणाले, "पाव्हनं, नवलाख उंबऱ्याला सांगा, पोरगी वलवनातच दिली. पर ताक पिऊन जा." मुक्तानं पेला भरला. तो पुढे करताना ताक बहिरूच्या धोतरावर सांडलं. चुकून सांडलं असं मी समजतो.

मग आबा माझ्याकडे वळले. ते मिशी ओढत होते, आणि मिशी ओढत असले की पुढे काय येतं हे तालमीतल्या पोरासोरांना माहीत होतं. मी ऐकून घ्यायला तयार झालो. जे काट्यावर भरेल ते भरेल. आता उद्यापासून माझ्याकडे कुणी तार आणणार नाही, कुणी कागद आणणार नाही, हेही मी समजून चुकलो होतो.

"आबा, बाबूला बोलू नगा," कोंडाजी मधे आला. लग्न ठरलेला माणूस, पण नवरीकडे बघायचं सोडून माझ्यापुढे उभा राहिला. हात पसरून, गाडीत बोलत होता त्याच सुरात तो सांगू लागला. "त्येंचा काय दोस न्हाई. कागद मी धरला व्हता, मी बघितलाय की. अक्षरं लय बारीक व्हती. मुंगीएवढी. साहेब लोक मुद्दाम बारीक छापत्यात, आपल्या मानसाला कळू नये म्हनून. त्यात तंबूत चिरुटांचा धूर, उजेड न्हाई काय न्हाई. म्या म्हनतो, येवढं वाचलं ह्येच लय झालं. दुसऱ्या कुनाला तेवढं बी आलं नसतं."

मला खाली बघवेना आणि वरही बघवेना. लढतीच्या दिवशी तंबूत पाचाचं ऊन उघड्या कनातीतून सरळ त्या कागदावर पडलं होतं. चिरुट अजून कुणी पेटवलाही नव्हता. अक्षरं चांगली हरभऱ्याएवढी होती, आणि ती ज्या हातांत धरलेली होती ते हात समोर पसरलेले होते.

आबा कोंडाजीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"व्हय का हो, बाबू?" त्यांनी विचारलं. "बारीक व्हती?"

"हो आबा," मी म्हणालो. "फार बारीक होती."